‘टेक्स्ट’ : वीण, प्रामाण्य आणि संहिता

व्युत्पत्ती हा शब्दाचा इतिहास असतो. समीक्षेत मात्र तिचा उपयोग अनेकदा पुराव्यासारखा केला जातो. ‘टेक्स्ट’ या इंग्रजी संज्ञेच्या बाबतीत हे विशेषत्वाने घडले आहे. लॅटिनमधील ‘टेक्सेरे’ म्हणजे विणणे. त्यावरून ‘टेक्स्टुस’ म्हणजे वीण. इसवी सनाच्या पहिल्या शतकात क्विंटिलियनने हा शब्द वाक्यरचनेच्या विवेचनात योजला. रोलाँ बार्थने 1973 मध्ये याच विणीचा आधार घेऊन टेक्स्ट म्हणजे सिद्ध झालेले वस्त्र नव्हे, तर अखंड चाललेले विणकाम, अशी मांडणी केली.

तथापि या मांडणीतून मधला एक थर निसटतो. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘टेक्स्टुस’ हा शब्द शुभवर्तमानाच्या ग्रंथासाठी रूढ होता. जुन्या फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकात इंग्रजीत आलेला ‘टेक्स्ट’ हाही भाष्याहून वेगळा, प्रमाणभूत असा मूळ पाठ होता. ज्या शब्दात आज अर्थाची मुक्त क्रीडा शोधली जाते, त्यानेच काही शतके अर्थाला मर्यादा घातली होती. आणखी मागे गेल्यास विणकामही आद्य ठरत नाही. संस्कृत ‘तक्ष्’ हा ‘टेक्सेरे’चा सगोत्र धातू, त्याचा अर्थ तासून घडविणे. ग्रीक ‘तेक्तोन’ म्हणजे सुतार. ऋग्वेदातील कवी रथाप्रमाणे सूक्त घडवितो, ते याच धातूने. विणकर निवडावा की सुतार, हे व्युत्पत्ती ठरवीत नाही, समीक्षक ठरवितो.

मराठी समीक्षेने ‘टेक्स्ट’साठी ‘संहिता’ ही संज्ञा स्वीकारली. ‘सम्’ आणि ‘धा’ यांपासून सिद्ध झालेल्या या शब्दात सांधणे आहे, विणणे नाही. शिवाय वेदसंहितेचे प्रामाण्य त्याला जडलेले आहे. ‘टेक्स्ट’चे सहोदर ‘टेक्स्चर’ मराठीत ‘पोत’ झाले आणि वस्त्राचे रूपक तिकडे गेले. परिणामी बार्थचा युक्तिवाद मराठीत आला तो त्याच्या आधारभूत रूपकाविना. त्यामुळे ‘संहिता खुली असते’ हे विधान मराठीत गृहीत धरता येत नाही. ते स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते.

त्यासाठीची सामग्री या शब्दाच्याच परंपरेत आहे. संहितापाठातील सांधलेली पदे पदपाठात सुटी केली जातात, आणि पदच्छेद कोठे करावा यावर अर्थ पालटू शकतो. प्रमाण मानलेल्या पाठालाही वाचकाच्या निर्णयावाचून अर्थ लाभत नाही. संहितेच्या खुलेपणाचा विचार या सांध्यापासून सुरू व्हायला हवा. उसन्या विणीपासून नव्हे.