लिखित गाणे आणि गायिलेले गाणे : खानदेशी लोकगीतांच्या जतनाचा पुनर्विचार

खानदेशातील लोकसाहित्याच्या जतनाची चर्चा बहुधा एका वहीपासून सुरू होते. बहिणाबाई चौधरी (1880-1951) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. असोदे हे त्यांचे माहेर आणि जळगाव हे सासर. घरातील व शेतातील कामे करताना त्यांच्या ओठी आलेली गाणी त्यांचे पुत्र कवी सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी वेळोवेळी टिपून ठेवली. बहिणाबाईंच्या निधनानंतर ती आचार्य अत्रे यांच्या दृष्टीस पडली आणि त्यांच्या आग्रहामुळे 1952 मध्ये, त्यांच्याच प्रस्तावनेसह, 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह प्रसिद्ध झाला. मराठी समीक्षेने या घटनेकडे वाङ्मयीन चमत्कार म्हणून पाहिले आणि ते स्वाभाविकही होते. परंतु जतनाच्या अंगाने विचार केल्यास येथे योगायोगाचा वाटा फार मोठा असल्याचे दिसते. घरात कवी मुलगा नसता तर काय झाले असते, हा प्रश्न कल्पनाविलासाचा नाही. त्याच शिवारात निंदणी-कापणी करणाऱ्या आणि त्याच पहाटे जाते ओढणाऱ्या इतर असंख्य स्त्रियांच्या बाबतीत जे झाले, तेच झाले असते.

संग्रहाने शब्द वाचविले. छापील पानावर चाल मात्र उतरत नाही. आज महाराष्ट्रातील बहुसंख्य रसिकांच्या कानी बहिणाबाईंची जी चाल आहे, ती वसंत पवार यांनी संगीत दिलेल्या 'मानिनी' (1961) या चित्रपटातून आलेली आहे. ती चाल गोड आहे, याबद्दल दुमत नाही. पण ती स्टुडिओत जन्मली. जात्यावरच्या ओवीची लय दोन हातांच्या ओढीने ठरते, जात्याच्या तोंडी दाणे टाकण्यापुरता तिला विराम मिळतो आणि समोर बसलेली जाऊ किंवा शेजारीण तो विराम आपल्या शब्दांनी भरूनही काढते. या श्रमाचा आणि या सोबतीचा मागमूस पुस्तकात राहू शकत नाही. मुद्रित संहितेने गाण्याला एकच रूप दिले. मौखिक परंपरेत मात्र तेच गाणे प्रसंगानुसार लांबते, आखूड होते, कधी दुसरीच्या तोंडी जाऊन पालटते.

बोलीच्या बाबतीतही असेच घडले आहे. बहिणाबाईंच्या भाषेला सरसकट 'अहिराणी' म्हणण्याची प्रथा पडली. वास्तविक जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या पूर्व खानदेशी पट्ट्यातील लेवा गणबोली आणि धुळे, साक्री, शिंदखेडा परिसरातील अहिराणी यांचे वळण वेगळे आहे. ग्रिअर्सन यांनी भाषिक सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात (1907) खानदेशीची नोंद भिल्ली बोलींसमवेत केली. 2011 च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या 18 लाखांहून अधिक भरली. एवढ्या मोठ्या समूहाच्या बोलीतील अंतर्गत भेद संग्राहकाने पुसून टाकले तर त्याने जपले काय, असा प्रश्न उरतो. 'डोळा'चा 'डोया' होतो तेथे पुन्हा 'डोळा' छापणारा सद्हेतू संपादक हा लोकसाहित्याचा नकळत झालेला शत्रूच होय.

ओव्यांच्या संकलनाची परंपरा मराठीत जुनी आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात अध्यापन केलेल्या साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये शेकडो ओव्या आत्मीयतेने एकत्र केल्या. त्यांची मांडणी विषयवार आहे. भाऊ, माहेर, लेकरू अशा विषयांत ओवी उत्तम बसते. गाणारी बाई मात्र त्या वर्गवारीत हरवते. याउलट गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून चालविलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात लाखाहून अधिक ओव्या जमल्या आणि त्यांतील ओवीमागे गाणारणीचे नाव व गाव नोंदविले गेले. 2017 पासून हे भांडार ध्वनिमुद्रणांसह 'परी'च्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होऊ लागले. त्याचा मुख्य भर पश्चिम महाराष्ट्रावर आहे. तापीकाठच्या गाणारणीसाठी त्या तोडीचे काम उभे राहिलेले नाही, आणि पिठाची गिरणी येण्यापूर्वीची पहाट अनुभवलेली पिढी आता फार थोडी उरली आहे.

गाणे प्रसंगापासून सोडविता येत नाही, हे कानबाईच्या उत्सवात विशेष स्पष्ट होते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई बसते. नारळाला देवीचे रूप देऊन ती चौरंगावर मांडतात, दागिन्यांनी सजवितात. 'रोटां'साठी कुटुंबातील प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घेण्याची चाल आहे आणि हे रोट भाऊबंदकीतच संपवावे लागतात. रात्रभर बायका देवीची गाणी म्हणतात; दुसऱ्या दिवशी मिरवणुकीने विसर्जन होते. मूठ ज्याच्या नावाची, तो माणूस घरी यावा, अशी अपेक्षा असल्याने सुरत, नाशिक, पुणे येथे पोटापाण्यासाठी गेलेली माणसे या वेळी गावाकडे येतात. ज्यांना येता येत नाही, त्यांनी कानबाईच आपल्याबरोबर नेली. सुरतेच्या उधना-लिंबायत भागातील खानदेशी वस्त्यांत ती बसते आणि तेथेही गाणी होतात.

आता ही गाणी एखाद्या संग्राहकाने गव्हाचा, भाऊबंदांचा आणि रात्रीच्या जागरणाचा उल्लेख न करता उतरवून घेतली, तर हाती काय लागेल? काही पुनरुक्त ओळी, काही दागिन्यांची नावे. वाङ्मयीन निकषावर त्या सामान्यच ठरतील. लोकसाहित्याच्या पुष्कळ संग्रहांवर नीरसतेचा आरोप होतो, त्याचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे. दोष गाण्याचा नसून उतरवून घेण्याच्या पद्धतीचा आहे. पुनरुक्ती ही जागरणाची गरज असते. रात्र मोठी असते आणि झोपाळू सुनेलाही त्या ओळीत सूर मिळवता आला पाहिजे. शिवाय मोजणी पुरुषांच्या नावाने आणि गाणे बायकांच्या कंठी, हा विरोध अभ्यासकाने नोंदविल्याशिवाय उत्सवाचा अर्थ अपुराच राहतो.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत चालणाऱ्या भुलाबाईच्या, म्हणजेच गुलाबाईच्या, गाण्यांना जळगावात अलीकडे स्पर्धेचा मंच मिळाला आहे. एरवी गाण्याला न आलेल्या मुली त्यामुळे गाऊ लागल्या, हे मान्य केले पाहिजे. पण घरोघर फिरून गाणी म्हटल्यानंतर झाकलेल्या डब्यातील खाऊ ओळखण्याची जी गंमत असते, ती परीक्षकांसमोर कशी यावी? मंचावर गाणे संपले की टाळ्या होतात. अंगणात गाणे संपले की डबा हलवून पाहिला जातो. दुसऱ्या प्रकारात यजमानीण, मुली आणि देवी यांच्यात देवाणघेवाण असते. पहिल्यात केवळ प्रेक्षक असतात.

खानदेशाजवळ जतनाची शिस्त नाही, असेही म्हणता येणार नाही. वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर 1927 मध्ये धुळे येथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले आणि त्याने जुनी दप्तरे, पोथ्या, ऐतिहासिक कागद सांभाळले. कागद कोणत्या गावी, कोणाच्या घरी, कोणत्या अवस्थेत सापडला, याला राजवाड्यांच्या लेखी मजकुराइतकेच महत्त्व होते. हीच कसोटी गाण्याला लावली, तर संग्राहकाच्या टिपणवहीत गाणारणीचे गाव, तिचे माहेर (कारण गाणे पुष्कळदा तेथूनच येते), ते शिकविणारी आजी किंवा नणंद, गाण्याचा प्रसंग आणि सूर धरणाऱ्या बायकांचे परस्परांशी नाते, हे सर्व यावे लागेल. ध्वनिमुद्रण तर आता खिशातील मोबाईलवरही होते.

उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला 2018 मध्ये बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. या विद्यापीठाच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या अनेक मुलामुलींच्या घरी श्रावणात कानबाई बसते आणि तिची गाणी त्यांच्या आज्यांना पाठ असतात. वर्गात मात्र घरची बोली तोंडातून निसटली की हीच मुले ओशाळतात. संकलनाच्या कामासाठी याहून जवळचा संग्राहक मिळणे कठीण आहे. सोपानदेवही घरातलेच होते.