भाड्याचा एकांत : शिलाँग, तुलियन, नैनिताल

प्रेमिकांचा डोंगरावरील मुक्काम हे आधुनिक भारतीय कादंबरीतील परिचित आशयसूत्र असले, तरी समीक्षेने त्याकडे बहुधा निसर्गवर्णनाचा एक उपविभाग म्हणूनच पाहिले आहे. धुके, देवदार, तळे यांची नोंद होते. मुक्काम किती दिवसांचा, त्याचे मोल कोण चुकवते आणि पाहुणे उतरून गेल्यावर मागे कोण राहते, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. रवींद्रनाथ ठाकुरांची ‘शेषेर कविता’ (१९२९), अज्ञेयांची ‘नदी के द्वीप’ (१९५१) आणि एम. टी. वासुदेवन नायर यांची ‘मञ्ञ्’ (१९६४) या बंगाली, हिंदी व मलयाळम कादंबऱ्या शेजारी ठेवून वाचल्या, की नेमके हेच प्रश्न टाळता येईनासे होतात.

संस्कृत परंपरेत पर्वत हे तपाचे वा विरहाचे स्थान आहे. ‘मेघदूता’तील यक्ष रामगिरीवर एकटाच आहे. ‘कुमारसंभवा’च्या आठव्या सर्गातील शिव-पार्वतीचा विहार हा अपवाद म्हणून पुढे करता येईल; परंतु हिमालय हे तेथे वधूचे माहेर आहे, भाड्याची जागा नव्हे. मोजक्या दिवसांसाठी वर जावे आणि मोसम सरताच खाली यावे, ही रीत वसाहतकाळाने घडविली. नैनितालची वसाहत १८४१ नंतर एका इंग्रज साखर-व्यापाऱ्याच्या पुढाकाराने उभी राहिली. शिलाँग १८७४ मध्ये आसामची राजधानी झाले. मराठीने अशा गावांना ‘थंड हवेचे ठिकाण’ म्हटले, त्यात डोंगराचे नावही नाही. मैदानातील उकाड्यापासून मिळणारी सुटका तेवढी आहे. या शब्दातील प्रामाणिकपणा समीक्षेने उचलण्याजोगा आहे.

‘शेषेर कविते’तील अमित राय शिलाँगला जातो, तो आपल्या वर्तुळातील कोणी तेथे जात नाही म्हणून. वळणावर मोटारींची टक्कर होते आणि लावण्य भेटते. अमितची भाषा, तिचा तोरा, तिच्यातील रवींद्रनाथांचीच थट्टा यांवर विपुल लिहिले गेले आहे. त्या मानाने त्याच्या संसाराच्या आराखड्याकडे दुर्लक्ष झाले. विवाहानंतर दोघांनी गंगेच्या दोन तीरांवर वेगळे राहावे, दिव्याच्या खुणेने एकमेकांस बोलवावे, असे त्याला वाटते. म्हणजे डोंगरावरील पाहुणेपणच त्याला विवाहात न्यायचे आहे. केतकीचे प्रेम घड्यातील रोजच्या वापराचे पाणी आणि लावण्यचे प्रेम पोहण्याचे सरोवर, ही त्याची अखेरची वाटणी याच आराखड्याचे दुसरे रूप होय. ती सुंदर आहे आणि सोयीचीही. तिच्यातील सोय लावण्यने आधीच ओळखलेली असते. चेरापुंजीहून अमित परततो तेव्हा योगमायेचे घर रिकामे असते. येथे मुक्काम आवरण्याचा निर्णय स्त्रीचा आहे, हे महत्त्वाचे. मात्र लावण्य त्या घरात मुलीला शिकविण्यासाठी राहिलेली आहे. शिलाँग तिला सहल म्हणून मिळालेले नाही. दोघे एकाच पावसात भिजतात, परंतु सुटीवर असतो तो एकटा अमित.

‘नदी के द्वीप’मध्ये हा विषम हिशेब देहापर्यंत पोहोचतो. भुवन हा विश्वकिरणांचा अभ्यासक, रेखा पतीपासून विभक्त. नौकुचियातालच्या पहिल्या मुक्कामात जवळीक पूर्णत्वास जात नाही. ती जाते काश्मीरमधील तुलियन सरोवराकाठी. भुवन तेथे आहे तो संशोधनासाठी, त्यामुळे पर्वतावर असण्याचे त्याचे कारण प्रतिष्ठित आहे. रेखापाशी असे कोणतेही कारण नाही. ती येते एवढेच. ती भविष्य मागत नाही, क्षणाची परिपूर्णता पुरेशी मानते, आणि याच भूमिकेसाठी हिंदी समीक्षेत तिची व्यक्तिरेखा वाखाणली गेली. हा गौरव अर्धवट आहे. गर्भधारणा, भुवनने देऊ केलेल्या विवाहाला तिचा नकार, श्रीनगरमधील गर्भपात आणि त्यातले जिवावरचे दुखणे हे सर्व तुलियनचाच उत्तरार्ध आहे. कालातीत मानल्या गेलेल्या क्षणाचे दिवस तिच्या शरीराने मोजले. अज्ञेयांना हे दिसले होते, नाहीतर कादंबरी तुलियनवरच थांबली असती. परंतु भुवनची अपराधभावना इतक्या नाजूकपणे विणली आहे, की वाचकाचे लक्ष पुन्हा त्याच्याच अंतरंगाकडे वळते. शैलीचा हा विजय कादंबरीला महाग पडला आहे.

‘मञ्ञ्’ दृष्टिकोनच उलटवते. केरळ सोडून थेट कुमाऊँमध्ये घडणारी ही कादंबरी पाहुण्यांची नव्हे, मागे राहिलेल्यांची आहे. वसतिशाळेतील शिक्षिका विमला सुटीतही नैनिताल सोडत नाही. अनेक मोसमांपूर्वी आलेला सुधीरकुमार मिश्र परत येईल, ही तिची वाट पाहण्याची सवय बनली आहे. नवा मोसम सुरू होतो, तळ्यावर होड्या फिरू लागतात, बंद घरे उघडतात. ज्या काळाला पर्यटक ‘सुरुवात’ म्हणतो, तो विमलासाठी निव्वळ पुनरावृत्ती आहे. सुधीरकुमार प्रत्यक्षात किती थोडा दिसतो, हे एम. टीं.च्या संयमाचे प्रमाण. अनुपस्थित प्रियकराचे उदात्तीकरण ते करीत नाहीत. उलट, मरणाची तारीख जवळजवळ ठाऊक असलेला सरदारजी शेजारी उतरतो, विमला आपल्याला आवडते असे सांगतो आणि काहीही मागत नाही. तीन कादंबऱ्यांतील हा एकमेव पाहुणा, ज्याला आपला मुक्काम थोडा आहे हे लपवावे लागत नाही.

निर्मल वर्मांच्या ‘परिंदे’ या कथेशी असलेल्या साम्यावरून ‘मञ्ञ्’वर आक्षेप घेतला गेला होता, दोन्ही लेखकांनी तो मानला नाही. तौलनिक अभ्यासाने या वादात अडकण्याचे कारण नाही. पहाडी शाळा, सुटीत रिकामे होणारे वसतिगृह आणि तेथे उरलेली शिक्षिका ही सामग्री त्या गावांच्या रचनेतच होती. दोन लेखक तिच्यापर्यंत स्वतंत्रपणे पोहोचणे स्वाभाविक म्हणावे लागेल. ‘परिंदे’तील लतिकाला मृत प्रियकराची स्मृती आहे, विमलाला तेवढाही निश्चित शेवट मिळत नाही. हा भेद उसनवारीच्या चर्चेत हरवतो.

विमलाच्या प्रतीक्षेला शोकगीत होऊ न देणारे पात्र म्हणजे नावाडी बुद्धू. मोसमात येऊन गेलेल्या एका गोऱ्या साहेबाचा तो मुलगा. बापाचे छायाचित्र जवळ बाळगून तो दरवर्षी येणाऱ्या प्रवाशांचे चेहरे न्याहाळतो. अमितच्या आराखड्यात किंवा भुवनच्या पश्चात्तापात जे मूल असू शकत नाही, ते येथे मोठे होऊन वल्हे मारीत आहे, आणि पुढच्या जोडप्याला तळ्यावर फिरवून आणण्याचे पैसे घेत आहे.