यंत्राला मांडी माहीत नाही

भारतातल्या आईबाबांच्या घरी, कुणी पडलं तर आपल्या फोनवर इशारा देणारा कॅमेरा लावावा, असं तुमच्याही मनात आलं असेल. माझं संशोधन याच विषयातलं. म्हणून सांगते, आधी विचारा: हा कॅमेरा कुणाची शरीरं पाहून शिकलाय?

या क्षेत्रात सर्रास वापरला जाणारा एक संग्रह म्हणजे सिंगापूरचा 'एनटीयू आरजीबी-डी' (२०१६). ६० क्रिया, ५६,८८० चित्रफिती, शरीराचे २५ बिंदू. काम भक्कम आहे. पण त्यातली ४० माणसं १० ते ३५ वयाची. 'पडणं' आहे, तेही या तरुण मंडळींनी पडून दाखवलेलं. हात जोडणं आहे. मांडी घालून बसणं नाही.

२०१९चा 'टोयोटा स्मार्टहोम' बराच पुढे गेला. त्यात ६० ते ८० वयाचे १८ जण एका घरात आपापल्या परीने वावरतात. तरी चहा-कॉफी आणि टीव्ही आहे, जमिनीवरची बैठक नाही.

आता देवापुढे बसलेली, मग जमिनीला हात टेकत उठणारी आई आठवा. यंत्राला ती पडलेली वाटू शकते. असे चार खोटे इशारे आले की आपण आवाज बंद करतो, आणि ती खरंच पडते तेव्हा फोन गप्प असतो.

म्हणून कॅमेरा घेतलात, तर पुढच्या भारतभेटीत त्याच्यासमोर स्वतः मांडी घालून बसा, उठा, आडवे व्हा. विक्रेत्याच्या आकड्यांपेक्षा ही परीक्षा खरी.