एक अभंग, दोन गळे

गुढियारीच्या बिऱ्हाडी परवा आम्ही प्रभातचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ पुन्हा पाहिला. कोणा निवेदकावाचून दामले-फत्तेलालांनी आरंभीच सारी कथा मांडली आहे. विष्णुपंत पागनीस विठ्ठलापुढे अभंग गातात. इकडे भक्त, तिकडे देव, कॅमेरा जणू हात जोडून उभा. मग तोच अभंग सालोमालो स्वतःचा म्हणून गातो. मुरक्या घेत, हावभाव करीत. शब्द तेच, परंतु दोन माणसे आपणांस कायमची ओळखू येतात. मसुदा एकाचा, सही दुसऱ्याची : आम्हां कारकुनांस हे नवे नाही! तक्रार एवढीच, की भागवतांचा सालोमालो पहिल्याच तानेस हास्यास्पद ठरतो. तो खरोखर गोड गाता, तर देहूकरांबरोबर आम्हीही फसलो असतो.