अर्धा कप मतभेद

'चहा कसा घेणार?' या प्रश्नाला 'कसाही चालेल' असे उत्तर देणाऱ्या पाहुण्यापासून सावध राहावे. त्याला काहीच चालत नाही. कप हातात पडला की तो 'साखर जरा...' एवढेच म्हणतो आणि उरलेले वाक्य यजमानीणबाईंच्या अंगावर सोडून देतो.

चहाबाजांचे मुख्य पंथ दोन. एक उकळणाऱ्यांचा, दुसरा मुरवणाऱ्यांचा. मुरवणारी मंडळी दार्जिलिंगशिवाय बोलत नाहीत. किटलीला लोकरीचे टोपडे घालतात, घड्याळ बघतात आणि दुधाचे नाव काढले की अंगावर पाल पडल्यासारखा चेहरा करतात. मे-जूनमधल्या दुसऱ्या खुडणीच्या चहाला म्हणे मस्कत द्राक्षांचा वास येतो. मी पुष्कळ हुंगून पाहिले. वास आहे, नाही असे नाही. पण अतिविलंबित ख्यालासारखा. सम येईपर्यंत कप गार होतो.

या पंथाला ग्रंथाधारही आहे. जॉर्ज ऑर्वेलसाहेबांनी 1946 साली चहाचे अकरा नियम छापले. साहेबांचा जन्म बिहारातल्या मोतीहारीचा, पण साखर घालणाऱ्याला चहाप्रेमी म्हणायला ते तयार नव्हते. पुढे 1980 साली चहाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणही ठरले: शंभर मिलिलिटर उकळत्या पाण्याला दोन ग्रॅम चहा, मुरवणे सहा मिनिटे. यात चहा चांगला व्हावा असा हेतूच नाही. चाखणाऱ्यांना तुलना करता यावी म्हणून तो सगळीकडे सारखा व्हावा, एवढेच. आपल्याकडे लग्नाच्या मांडवातल्या चहाने हे केव्हाच साधले आहे.

आता आम्हा उकळणाऱ्यांची बाजू. 1930 च्या सुमारास आसामात पाने चिरडून, फाडून, वळवून दाणे करणारे यंत्र आले. आपल्या डब्यातली पूड बहुतेक त्याच कुळातली. ती झटकन रंग सोडते, कडक उतरते आणि दुधाला दाद देत नाही. अशा पुडीला किटलीत हळुवार मुरवणे म्हणजे पहिलवानाला अत्तर लावून गादीवर बसवणे. तिला आधणातच उतरवली पाहिजे. पुण्यातल्या अमृततुल्यवाल्याला हे कळते. पितळी पातेल्यात दूध, साखर, आले, वेलदोडा एकत्र खदखदतात आणि वास रस्ता ओलांडून माणसाला धरून आणतो. इराण्याचा चहा निराळा. त्याचा कोरा अर्क वेगळा, दूध वेगळे. दोघांची गाठ कपातच पडते. तो एकटा पिऊ नये, बनमस्क्याच्या साक्षीने प्यावा. गवती चहाच्या नावात चहा आहे, अंगात नाही. पण धो धो पावसात पातेल्यात त्याची दोन पाती नसतील तर पाऊस फुकट गेला.

तर मग श्रेष्ठ चहा कोणता? याचा निकाल चवीवर लागत नाही, असे माझे मत आहे. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. त्यांत टिळक होते, रानडे होते. गोपाळराव जोश्यांनी ही बातमी फोडली आणि एकच गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्तांपर्यंत पोचले. एवढ्या रणात चहा पाणचट होता की कडक, याची चौकशी कोणी केल्याचे ऐकिवात नाही. भांडण होते ते कप कोणाच्या हातचा, याचे.

ते भांडण आता बरेच निवले, पण पुरते संपलेले नाही. गावोगावच्या टपऱ्यांवर कोणासाठी कप वेगळा ठेवला जात होता, हे आठवणारी माणसे अजून आहेत. त्यापुढे आमचे दूध-साखरेचे वाद म्हणजे पोरखेळ. म्हणून मी एकच नियम पाळतो. दार्जिलिंगवाल्या स्नेह्याकडे गेलो की त्याचे ते कोमट, बिनसाखरेचे सोनेरी पाणी पूर्ण पितो आणि मग यथेच्छ नावे ठेवतो. तो आमच्याकडे येतो, आल्याचा उकळा चहा संपवतो आणि त्याला काढा म्हणतो. चवीवरून खुशाल भांडावे; कप मात्र कोणाचाही परत करू नये.