बाणाच्या टप्प्याबाहेरचा अंबर

मुघल चित्रकार अबुल हसन याने १६१६च्या सुमारास काढलेले एक लघुचित्र डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. बादशहा जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. गोल बैलाच्या पाठीवर आणि बैल माशावर. बादशहाच्या मस्तकामागे तेजोवलय, वर शस्त्रे पुरवणारे देवदूत, जवळच न्यायाचा तराजू. त्याने धनुष्य ताणले आहे आणि समोर भाल्याच्या टोकावर खोचलेले एक काळे शिर आहे. शिरावर घुबड बसले आहे. ते शिर दख्खनेतल्या निजामशाहीचा सेनापती मलिक अंबर याचे.

असे कधी घडलेच नाही. जहांगीरच्या फौजा वर्षानुवर्षे दख्खनेत उतरत राहिल्या, पण अंबर हाती लागला नाही. १६२६ साली, ऐंशीच्या घरात, तो आपल्या मरणाने गेला. रणात जो सापडला नाही, त्याला कागदावर गाठण्यासाठी हे चित्र काढले गेले.

पण चित्र निरखून पाहू लागलो की ते बादशहाच्या हातून निसटते. एका माणसाला मारण्यासाठी किती सरंजाम लागला! पृथ्वी, बैल, मासा, देवदूत, न्याय. आणि समोर एकटे शिर, धडाशिवाय. मला या चित्राचा खरा विषय जहांगीरची अस्वस्थता वाटते. अबुल हसन थोर चित्रकार होता. त्याने शिराला राक्षसाचा मुखवटा चढवला नाही, तो एका माणसाचाच चेहरा ठेवला. जिवंत शत्रूच मेलेला दाखवावा लागतो, हे त्याच्या कुंचल्याने नकळत सांगून टाकले.

मला टोचते ते घुबड. चित्रावरचा फारसी मजकूर अंबरच्या वर्णाची रात्रीशी सांगड घालतो आणि त्याचे शिर घुबडाचे घर ठरवतो. जहांगीर तेजाचा, अंबर अंधाराचा, अशी सरळ वाटणी. आपल्या आत्मचरित्रातही बादशहा अंबरला रंगावरून हिणवतो. सेनापती म्हणून ज्याची धास्ती, त्याला कातडीवरून खाली ओढायचे.

मी चिंचवडला राहतो. तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते, तेव्हा सारी वाट सावळ्या रूपाच्या गजराने भरून जाते. त्याच वाटेवरच्या घरांत सून शोधताना मात्र 'गोरी' ही पहिली अट असते. देवाचा काळा रंग आपल्याला गोड लागतो, माणसाचा सोसत नाही. तुकोबांचा जन्म १६०८चा मानतात. त्याच सुमारास अंबर जुन्नरला राजधानी करून निजामशाहीचा गाडा हाकत होता. देहूपासून जुन्नर फार दूर नाही.

इथिओपियात जन्मलेला हा मुलगा गुलामांच्या बाजारांत पुन्हा पुन्हा विकला गेला. बगदादमार्गे तो दख्खनेत आला, तेव्हा त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीझखान स्वतः हबशीच, म्हणजे इथिओपियाकडूनच आलेला, होता. चाकणचा इतिहास वाचताना या गोष्टीचा अर्थ मला अधिक लागला. पंधराव्या शतकाच्या मध्यास चाकणच्या कोटात बहमनी राज्यातल्या आफाकींची, म्हणजे इराण-अरबस्तानाकडून आलेल्या शिपाई-सरदारांची, कत्तल झाली. घडवून आणली दख्खनी, म्हणजे इथेच रुजलेल्या लोकांच्या, गटाने. बहमनी राजकारणात हबशी मोजले जात ते या दख्खनी गटात. तेही समुद्रापलीकडूनच आलेले, पण आफाकींचा आपल्या मुलखाशी, भाषेशी आणि नातलगांशी धागा शाबूत होता. हबशांचा तो धागा विक्रीच्या दिवशीच तुटलेला. परतीची वाट नसलेल्या माणसाने ही माती धरली आणि मातीनेही त्याला धरले. आज चाकणच्या एमआयडीसीत, जिथे बिहार-ओडिशाची मुले पाळी संपवून खोलीवर परततात, तिथे 'भूमिपुत्र कोण' हा वाद निघाला की मला ती जुनी मोजदाद आठवते.

अंबरने तर इथली जमीनच मोजली. जमिनीची प्रत ठरवून, पीक बघून सारा ठरवण्याची त्याची पद्धत 'मलिक अंबरी धारा' म्हणून त्याच्यामागेही लोकांच्या तोंडी राहिली. खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, त्याने नहर काढून पाणी आणले. १६२४ला भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले; त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. यापरता मुलखाचा माणूस कसा असतो?

तरीही हा प्रश्न मिटलेला नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर-हल्याळकडचे सिद्दी, म्हणजे अंबरसारखेच आफ्रिकी मुळाचे लोक, पिढ्यान् पिढ्या कोकणी, मराठी, कन्नड बोलतात. २००३मध्ये त्यांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. त्यांना मात्र अजूनही, तुम्ही कुठल्या देशाचे, असे विचारले जाते. हा प्रश्न विचारणाऱ्याच्या डोळ्यांत अबुल हसनच्या चित्रातलेच घुबड बसलेले असते.

म्हणून दुसरे चित्र शेजारी ठेवावेसे वाटते. हाशिम या चित्रकाराचे मानले जाणारे अंबरचे व्यक्तिचित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. एका बाजूने दिसणारा चेहरा, भरदार देह, पांढरा पोशाख. पांढऱ्यामुळे त्वचेचा काळा रंग ठळक उठतो आणि चित्रकाराला तो झाकावासा किंवा कशाचे प्रतीक करावासा वाटलेला नाही. तो रंग अंबरचा आहे, एवढेच. रात्र नाही, अपशकुन नाही. शाळेच्या पुस्तकात छापायचे तर हे छापावे.

अंबर गेल्यावर जहांगीरच्याच दरबारातल्या मोतमिद खानाने लिहिताना, युद्धात आणि कारभारात त्याला जोड नव्हती, हे मान्य केले. शिरावर घुबड बसवून तेव्हा दहाएक वर्षे झाली होती.