जि, जा आणि ऊ

देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा ही आमच्याकडची शेजारशेजारची गावं. दोन्हींच्या नावामागचं ‘राजा’ जाधवांच्या सत्तेची खूण सांगतं. पण या भागात राजापेक्षा जास्त घेतलं जातं ते त्याच्या लेकीचं नाव. सिंदखेडला लखुजी जाधव आणि म्हाळसाबाई यांच्या पोटी १५९८ मध्ये जन्मलेली जिजा. इतकं सवयीचं नाव आपण कवितेसारखं कधी वाचत नाही. ते तसं वाचावं असं मला फार दिवसांपासून वाटत होतं.

आधी नुसतं म्हणून पाहावं. दोन अक्षरं, दोन्हींत ज. बदलतो तो फक्त स्वर. ‘जि’ला ओठ ताणलेले आणि जीभ टाळूजवळ, ‘जा’ला तोंड पूर्ण उघडतं. त्यापुढे ‘ऊ’ लागला की ओठांचा चंबू होतो. इ, आ आणि ऊ हे तोंडातल्या उच्चाराचे तीन टोकाचे स्वर, आणि ‘जिजाऊ’ या तीन अक्षरांत ते तिन्ही येऊन जातात. हे नाव घोषणेत इतकं घुमतं आणि पाळण्यापाशीही तितकंच मऊ लागतं, त्याचं बरंचसं श्रेय मी या स्वरांना देतो.

तो ‘ऊ’ आला मात्र ‘आऊ’मधून. आऊ म्हणजे आई. शिवकाळातली पत्रं आणि बखरी यांत त्या ‘आऊसाहेब’ आहेत. नाव घ्यायचीही गरज पडत नाही. बाईच्या नावात आई मिसळायची ही रीत मराठीत फार जुनी. तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात ती पानोपानी दिसते. ज्यांच्या लीळा त्यात आहेत, त्या चक्रधरांचा वावर आमच्या लोणार-मेहकरकडेही होता. त्यांच्या परिवारातल्या बायका म्हणजे बाइसा, उमाइसा, आउसा. मराठीची आद्य कवयित्री मानली जाते तीही कुठे महदाइसा, कुठे महदंबा. एकीत ‘आई’ आणि आदराचा ‘सा’, दुसरीत संस्कृतातली ‘अंबा’. बाई एकच, आणि दोन्ही भाषांनी तिला आईपण दिलं. वऱ्हाडी बोली तेच ‘माय’ लावून करते. रेशनकार्डावर जिजाबाई असलेली म्हातारी गल्लीत जिजामाय असते, आणि त्या हाकेतलं वजन कार्डावरच्या नावाला येत नाही.

जयराम पिंड्ये हा शहाजीराजांच्या आश्रयाचा कवी. त्याचा ‘राधामाधवविलासचंपू’ वि. का. राजवाड्यांनी संपादून १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. अनेक भाषांतली पद्यं त्यात आहेत, आणि मराठी पद्यात हे नाव येतं ते ‘जिजाई’ होऊन. कवीने ते जाईच्या फुलाशी यमकात बसवलं आहे. मला हे यमक फार आवडतं. जाई हे फूल जणू त्या नावात आधीपासूनच होतं, कवीने ते नुसतं वेचलं. शिवाय इथे जिजाई कुणाची आई म्हणून येत नाही, शहाजींची शोभिवंत पत्नी म्हणून येते. पुढच्या काळात आपण तिचं हे रूप जवळजवळ विसरलोच. त्याच शतकात देहूला तुकोबांच्या घरी एक जिजाई होती, जिला आपण आवली म्हणून ओळखतो. म्हणजे नाव काही फक्त वाड्यातलं नव्हतं. वाण्याच्या घरातही तेच होतं. पुढे कोल्हापूरच्या गादीचा कारभार १७६० ते १७७३ या काळात पाहिला, तीही जिजाबाईच.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नसत, त्यामुळे जिजा की जीजा हा वाद त्या कागदांपुढे उभाच राहत नाही. इंग्रजांनी कानावर पडेल तसं लिहिलं. ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात त्या ‘जीजी बाय’ झाल्या. हिंदी मुलखातल्या वाचकाला त्यात थोरली बहीण ऐकू येईल, कारण तिकडे जीजी म्हणजे तीच. मुंबईकराला पारश्यांचे जमशेटजी जीजीभाई आठवतील.

मुंबईत या नावाची गाठ थेट एका राणीच्या नावाशी पडली. व्हिक्टोरिया गार्डन्स, म्हणजे आपली राणीची बाग, ‘वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान’ झाली. १८८७ मध्ये राणीच्या ज्युबिलीनिमित्त निघालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १९९७ मध्ये ‘वीरमाता जिजाबाई’ झाली आणि तरीही व्हीजेटीआयच राहिली. आद्याक्षरं तशीच ठेवून आतली बाई बदलण्याची ही युक्ती बिनतोड आहे. पण ‘वीरमाता’, ‘राजमाता’, ‘राष्ट्रमाता’ ही विशेषणं जसजशी चढत गेली, तसतसं ‘जिजा’ त्यांच्याखाली दबत गेलं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. आईपण ‘आऊ’मध्ये आधीच होतं. ते पुन्हा संस्कृतातून बाहेरून जोडलं की नाव लांबतं, वाढत नाही.

दर १२ जानेवारीला सिंदखेड राजा माणसांनी फुलून जातं. त्या दिवशी देऊळगाव राजाच्या स्टँडवर अनोळखी माणसंही समोरासमोर आली की ‘जय जिजाऊ’ म्हणतात, आणि उत्तरही तेच येतं. एरवी फोन उचलताना हॅलोऐवजी हेच म्हणणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना नावामागे बाई लावावी लागत नाही आणि पुढे वीरमाताही लावावी लागत नाही.